बीन्याचा रिले बरोबर होता, तरी दिल्ली अंधारात गेली

नागपुरात लाइट गेली की आपण आधी गॅलरीत जाऊन बघतो, समोरच्यांकडे आहे का. समोरही नसेल तर डीपीवर काहीतरी झालं, अख्खी वस्ती अंधारात असेल तर फीडर गेला. मे महिन्यात गल्लीतले सगळे कूलर एकदम सुरू झाले आणि ट्रान्सफॉर्मर बसला, पावसाळ्यात फांदी तारेवर आली, ही रोजची दुखणी. महावितरणची गाडी येते, तास-दोन तासांत काम होतं. पण एक दुखणं असंही आहे की ज्यात तुमच्या गल्लीत काहीच बिघडलेलं नसतं. पाचशे-सातशे किलोमीटरवर कुठेतरी एक टॉवर लाइन उघडते, म्हणजे तुटून बंद होते, आणि थोड्याच वेळात राज्यंच्या राज्यं बंद पडतात. ते होऊ नये म्हणून जी यंत्रणा उभी राहते आहे, तिला इंजिनिअर मंडळी वाइड एरिया प्रोटेक्शन म्हणतात. आपण सोयीसाठी विस्तृत क्षेत्र संरक्षण म्हणू.

दिल्लीला रेल्वेने जाणाऱ्या नागपूरकराला मार्ग पाठ असतो: इटारसी, भोपाळ, बीना, झाशी, ग्वाल्हेर, आग्रा. साधारण त्याच अंगाने विजेचाही एक रस्ता जातो, बीना–ग्वाल्हेर–आग्रा. पश्चिमेकडची वीज उत्तरेला नेणाऱ्या मोठ्या वाटांपैकी ही एक. ३० जुलै २०१२ ला पहाटे २ वाजून ३३ मिनिटांनी या वाटेवरची ४०० केव्हीची बीना–ग्वाल्हेर लाइन ट्रिप झाली, म्हणजे आपोआप उघडली. तिच्या शेजारची दुसरी लाइन ७६५ केव्हीवर नेण्याचं काम चालू होतं, म्हणून ती आधीच बंद. उत्तरेतली राज्यं ठरल्यापेक्षा जास्त वीज ओढत होती, इकडे पश्चिमेत मागणी कमी आणि वीज शिल्लक. म्हणजे दोन वाटांचा माल एका वाटेने चालला होता, आणि तीही गेली. तिच्यावरची वीज पूर्वेकडून वळसा घालून उत्तरेत शिरायला लागली, तिकडच्या लाइनही एकापाठोपाठ उघडल्या आणि उत्तर ग्रिड तुटून कोसळली. सुमारे ३६,००० मेगावॅटचा पुरवठा गेला. दुसऱ्या दिवशी, ३१ जुलैला दुपारी १ वाजता, तोच प्रकार पुन्हा झाला. या वेळी उत्तर, पूर्व आणि ईशान्य अशा तीन ग्रिड गेल्या. सुमारे ४८,००० मेगावॅट, आणि साठ कोटींच्या आसपास माणसं.

नागपुरात मात्र दोन्ही दिवस पंखे फिरत होते. पश्चिम ग्रिड वाचली. ओढणारा तुटून गेल्यामुळे आपल्याकडे उलट वीज जास्त झाली आणि फ्रिक्वेन्सी, म्हणजे व्होल्टेज सेकंदाला किती वेळा वरखाली होतं तो आकडा, ५० हर्ट्झच्या बरीच वर गेली.

चौकशीत बीन्याच्या लाइनवर फॉल्ट सापडलाच नाही. तार तुटली नव्हती, इन्सुलेटर फुटला नव्हता, वीज पडली नव्हती. रिले म्हणजे बिघाड ओळखून लाइन तोडायचा हुकूम देणारं उपकरण. त्याला जे शिकवलं होतं तेच त्याने केलं. इथेच या विषयाची खरी गोम आहे, म्हणून रिले काय करतो ते जरा सावकाश बघू.

मोठ्या लाइनवर डिस्टन्स रिले असतो. त्याचं गणित आठवीतल्या पोरालाही जमेल असं आहे: व्होल्टेज भागिले करंट. लाइनवर कुठे शॉर्ट झालं की व्होल्टेज पडतं, करंट उसळतो, भागाकार लहान येतो. जितका लहान, तितका फॉल्ट जवळ. या भागाकारावर रिलेचे तीन झोन ठरवलेले असतात. पहिला झोन स्वतःच्या लाइनच्या साधारण ८० टक्क्यांपर्यंत. त्यात काही दिसलं की लगेच ट्रिप. दुसरा झोन लाइनचं टोक ओलांडून थोडा पुढे, तिथे सेकंदाचा तिसरा हिस्सा थांबून. तिसरा झोन पार शेजारच्या लाइनच्या पलीकडपर्यंत बघतो आणि सेकंदभर किंवा जास्त थांबतो. हा तिसरा झोन पाठराखणीसाठी. शेजारच्या उपकेंद्रातला ब्रेकर, म्हणजे लाइन तोडणारा मोठा स्विच, उघडलाच नाही, तर कुणीतरी मागून लाइन तोडायला हवी ना.

आता त्या पहाटेचं बघा. लाइन भरून वाहते आहे, म्हणजे करंट जास्त. लांबचा भार आणि उत्तरेतली ओढ, म्हणजे व्होल्टेज खाली. भागाकार लहान आला, तिसऱ्या झोनमध्ये शिरला आणि तिथेच राहिला. ठरलेला वेळ संपल्यावर रिलेने ब्रेकर उघडला. याला लोड एन्क्रोचमेंट म्हणतात. अमेरिकेत १४ ऑगस्ट २००३ ला ओहायोमधली सॅमिस–स्टार ही ३४५ केव्हीची लाइन अशीच तिसऱ्या झोनवर गेली आणि पुढे अमेरिका-कॅनडातल्या पाच कोटी लोकांची वीज गेली. नऊ वर्षांच्या अंतराने तोच धडा आपल्याला दुसऱ्यांदा शिकावा लागला.

रिले म्हणजे आपल्या फ्लॅट स्कीमच्या गेटवरचा चौकीदार. त्याला फक्त त्याचं गेट दिसतं. रस्त्यावरून लोंढा आला तर तो गेट लावतो, आणि त्याच्या स्कीमपुरतं ते बरोबरच असतं. पण लोंढा विरत नाही, पुढच्या गेटवर दुप्पट जोराने जातो. तिथलाही चौकीदार शहाणाच असतो, तोही गेट लावतो. कुणाचंच चुकलेलं नसतं.

मग रिलेला सगळ्या ग्रिडची माहिती का देऊ नये? द्यायला हवी, पण एका बेताने. खरा फॉल्ट झाला तर ४०० आणि ७६५ केव्हीवर तो १०० मिलिसेकंदांत तोडावा लागतो. तेवढ्या वेळात मुंबई-दिल्लीला विचारत बसणं परवडत नाही. उपकेंद्राच्या कंट्रोल रूममध्ये लाइन ट्रिप झाल्यावर काय होतं ते कधी पाहिलंय? हूटर किंचाळतो, अनन्सिएटरच्या, म्हणजे इशारे दाखवणाऱ्या फलकाच्या, चौकोनी खिडक्या लुकलुकायला लागतात, आणि ऑपरेटर पहिलं काम करतो ते म्हणजे बटण दाबून हूटर गप्प करणं. त्याचा हात बटणापर्यंत पोचेस्तोवर फॉल्ट केव्हाच तुटलेला असतो. तेव्हा पहिला झोन होता तसाच राहतो. लांबून मिळणारी माहिती उपयोगी पडते ती सावकाश कामांना, म्हणजे सेकंदभर थांबणाऱ्या तिसऱ्या झोनला, आणि त्यानंतरच्या पाच-दहा सेकंदांत ग्रिड सावरायला.

पण लांबून काय मोजायचं? फ्रिक्वेन्सी मोजून फारसं कळत नाही, कारण जोडलेल्या ग्रिडमध्ये ती एरवी सगळीकडे सारखीच असते. कोराडीचं टर्बाइन मिनिटाला ३,००० फेऱ्या मारतं, मौद्याचंही, आणि गुजरातच्या किनाऱ्यावरच्या, कोळशावर वीज बनवणाऱ्या संचाचंही. फरक असतो तो कोण किती पुढे आहे यात. दोन ठिकाणचं व्होल्टेज एकाच लयीत वरखाली होतं, पण एकाचं शिखर किंचित आधी येतं. या फरकाला फेज अँगल म्हणतात. वीज पुढे असलेल्याकडून मागे असलेल्याकडे वाहते. कोन ३० अंश झाला की लाइनच्या कमाल क्षमतेच्या निम्मी वीज वाहते, ९० अंशांवर कमाल. त्यापलीकडे कोन वाढला तर वीज वाढायच्या ऐवजी कमी व्हायला लागते, दोन्ही बाजूंचे संच एकमेकांची लय सोडतात, आणि मग वेगळं होण्यावाचून गत्यंतर नसतं. दोन लाइनपैकी एक गेली, तर तेवढीच वीज उरलेल्या एकीवरून न्यायला कोन वाढावाच लागतो. म्हणून ग्रिडवर किती ताण आहे हे एका आकड्यात बघायचं तर तो आकडा कोनाचा.

कोन मोजण्यात अडचण होती ती वेळेची. ५० हर्ट्झला १ मिलिसेकंदात व्होल्टेज १८ अंश फिरतं. दोन गावांच्या घड्याळांत तेवढा जरी फरक असेल तरी मोजमाप कचऱ्यात. ही अडचण सोडवणाऱ्यांतलं मोठं नाव आपल्या ओळखीचं वाटावं असं आहे: अरुण फडके. जन्म १९३८ चा, आणि गाव कोणतं, तर ग्वाल्हेर. शिक्षण आयआयटी खरगपूरला, पुढची कारकीर्द अमेरिकेत. १९८८ मध्ये व्हर्जिनिया टेकमध्ये फडके आणि जेम्स थॉर्प यांच्या कामातून पहिला फेजर मेजरमेंट युनिट, म्हणजे पीएमयू, तयार झाला. या कामासाठी दोघांना २००८ साली बेंजामिन फ्रँकलिन पदक मिळालं. ज्या लाइनने २०१२ साली घात केला तिचं एक टोक फडक्यांच्या जन्मगावी आहे, हा निव्वळ योगायोग, पण सांगितल्यावाचून राहवत नाही.

पीएमयू दिसायला काहीच नाही. रिले पॅनलमध्ये बसणारा एक डबा, आणि कंट्रोल रूमच्या गच्चीवर वाटीएवढा पांढरा जीपीएस अँटेना. उपग्रहाकडून वेळ घ्यायची, सीटी आणि सीव्हीटी, म्हणजे लाइनचा करंट-व्होल्टेज मोजण्याजोगा लहान करून देणारे ट्रान्सफॉर्मर, त्यांतून आलेला करंट-व्होल्टेज मोजायचा, कोन काढायचा, त्यावर वेळेचा शिक्का मारायचा आणि पुढे पाठवायचा. हे सेकंदाला २५ किंवा ५० वेळा. वेळेत १ मायक्रोसेकंदाची चूक झाली तरी कोनात ०.०१८ अंशांचाच फरक पडतो. उपकेंद्रांवर लांबून नजर ठेवायची जुनी स्काडा पद्धत काही सेकंदांनी एकदा आकडे आणते, आणि ते आकडेही एकाच क्षणाचे नसतात. २००३ च्या अमेरिकेतल्या चौकशीत तर नोंद करणाऱ्या यंत्रांची घड्याळं एकमेकांशी जुळेनात म्हणून आधी काय झालं आणि नंतर काय, हे लावण्यातच तज्ज्ञांचा बराच वेळ गेला.

हे आकडे जातात कसे, हे बघायला कोराडी रोडला कुठेही मान वर करा. टॉवरच्या अगदी शेंड्यावर, मोठ्या तारांच्या वर, एक-दोन बारीक तारा दिसतात. ती अर्थ वायर. आभाळातली वीज पडायचीच तर तिच्यावर पडावी म्हणून ती असते. आता बऱ्याच ठिकाणी त्याच तारेच्या पोटात ऑप्टिकल फायबर आहे. ८०० किलोमीटर जायला प्रकाशाला त्यातून ४ मिलिसेकंद पुरतात. उशीर होतो तो मधल्या डब्यांमध्ये, आकडे गोळा करणं, जुळवणं, पुढे देणं यात.

विदर्भाला याची गरज का, हे नकाशा बघून कळतं. कोराडीत ६६० मेगावॅटचे तीन संच, खापरखेड्यात १,३४० मेगावॅट, मौद्यात २,३२०, चंद्रपुरात २,९२०, तिरोड्यात ३,३००. आणि खप कुठे? मोठा वाटा मुंबई, ठाणे, पुणे, नाशिककडे, सातशे-आठशे किलोमीटर पश्चिमेला. राख आपल्याकडे आणि उजेड तिकडे, हा वऱ्हाड-नागपूरकडचा जुना सल आहे, त्यावर वेगळं भांडता येईल. ग्रिडच्या दृष्टीने मात्र एका टोकाला उत्पादन, दुसऱ्या टोकाला भार, मध्ये लांबलचक वाटा. तिरोड्याहून कोराडी, अकोला, छत्रपती संभाजीनगर अशी ७६५ केव्हीची वाट आहे. चंद्रपूर ते पडघे ७५२ किलोमीटरची डीसी लाइन आहे, १,५०० मेगावॅटची, ७५० चे दोन पोल. पोल म्हणजे इथे खांब नव्हे, डीसी लाइनची एक स्वतंत्र बाजू. यातला एक पोल भरल्या भारात बंद पडला तर ७५० मेगावॅट त्याच क्षणी एसी लाइनवर येऊन आदळतात. त्या आधीच भरलेल्या असतील तर कोन रुंदावतो, इकडचे संच वेग घेऊ लागतात, तिकडचं व्होल्टेज बसतं.

अशा ठिकाणी लावतात ती सिस्टीम प्रोटेक्शन स्कीम, बोलीत एसपीएस. तिचं डोकं सरळ असतं: अमुक लाइन उघडली आणि तेव्हा तिच्यावर अमुक मेगावॅटपेक्षा जास्त वीज असेल, तर या टोकाचे अमुक संच लगेच खाली आणा आणि त्या टोकाचे अमुक फीडर तोडा. ओडिशातल्या तालचेरहून कर्नाटकातल्या कोलारला जाणाऱ्या डीसी लाइनसाठी अशी स्कीम पूर्वीपासून आहे. पोल गेला की दक्षिणेत भार कापायचा, तालचेरला उत्पादन घटवायचं. विस्तृत क्षेत्र संरक्षणाचा हा सर्वात साधा प्रकार. त्यात पीएमयू नसला तरी चालतं. मला तो आवडतो, कारण काय झालं तर काय होईल हे आधी कागदावर लिहिलेलं असतं. त्याची खोड एकच. तो ज्या वर्षीच्या नकाशासाठी लिहिला त्याच वर्षी खरा असतो. पुढे नवी लाइन येते, नवं उपकेंद्र येतं, लॉजिक जुनंच राहतं, आणि गरज नसताना संच बसतो.

दुसरा प्रकार जास्त हुशार आणि म्हणून जास्त नाजूक. काय उघडलं हे बघत न बसता ग्रिडचे कोन कसे वागताहेत ते बघायचं आणि त्यावरून ठरवायचं. बीन्याच्या दुखण्यावरचा इलाज इथेच येतो. तिसऱ्या झोनमध्ये भागाकार आला की रिलेने सेकंदभर थांबायचंच आहे. तेवढ्या वेळात आजूबाजूच्या पीएमयूंचे आकडे बघून हा खरंच फॉल्ट आहे की नुसता भार, हे सांगता येतं. भार असेल तर ट्रिप अडवायची. २०१२ नंतर पॉवरग्रिडने, म्हणजे राज्याराज्यांतल्या मोठ्या लाइन सांभाळणाऱ्या सरकारी कंपनीने, देशभर पीएमयूंचं जाळं उभारायला घेतलं, यूआरटीडीएसएम नावाने, दीड हजारांहून जास्त पीएमयूंची आखणी करून. त्याच्या विश्लेषणाच्या सॉफ्टवेअरवर आयआयटी मुंबईने काम केलं, आणि त्यात तिसऱ्या झोनवर अशी देखरेख ठेवणं हा एक भाग होता.

तरी या जाळ्याचा मोठा उपयोग अजून बघण्यासाठी होतो, हात घालण्यासाठी कमी. पश्चिम विभागाचं भार प्रेषण केंद्र, म्हणजे ग्रिडवर नजर ठेवून हुकूम देणारी कंट्रोल रूम, मुंबईत, राज्याचं ऐरोलीला, आणि आपल्या भागाचं अंबाझरीला. पडद्यावर कोन दिसतो, आंदोलनं दिसतात, माणूस फोन उचलून संच कमी करायला सांगतो. मिनिटांत बिघडणाऱ्या गोष्टींना एवढं पुरतं. सेकंदांत बिघडणाऱ्यांना पुरत नाही. मग आपोआप का करत नाहीत? माझ्या मते यात आळसापेक्षा भीतीचा भाग मोठा आहे, आणि भीती रास्त आहे. गेटवरचा एक चौकीदार चुकला तर एक लाइन जाते. सगळ्यांना हुकूम देणारा चुकला तर तो दहा ठिकाणी एकदम चुकतो. गच्चीवरच्या अँटेनाने वेळ चुकीची पकडली आणि १ मिलिसेकंदाने गेली, तर त्या उपकेंद्राचा कोन १८ अंशांनी खोटा दिसणार. त्यावर कुणी संच पाडले तर निरोगी माणसाला सलाइन लावल्यासारखं नाही, सरळ ऑपरेशन केल्यासारखं होईल.

फडके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर सुचवलेली एक युक्ती मला फार व्यवहारी वाटते. महत्त्वाच्या लाइनवर तीन स्वतंत्र रिले ठेवायचे. एरवी तिघांपैकी एकाने जरी ट्रिप म्हटलं तरी लाइन तोडायची, कारण सुस्थितीतली ग्रिड एक लाइन जास्तीची गेली तरी सोसते, पण फॉल्ट राहिलेला सोसत नाही. मात्र पीएमयूंवरून ग्रिड ताणात आहे असं दिसलं, की नियम बदलायचा: आता तिघांपैकी दोघांचं एकमत हवं. दूरच्या माहितीने इथे कुठलाही ब्रेकर उघडला जात नाही, फक्त उघडण्याची अट कडक होते. माहिती खोटी निघाली तरी नुकसान थोडं. ३० जुलैच्या पहाटे भागाकाराने तिन्ही रिले फसले असते हे खरं, त्यामुळे या युक्तीने बीना वाचलं असतं असं नाही. पण एखाद्या रिलेमधला लपलेला दोष नेमका ताणाच्या वेळी उघडा पडतो, त्याला ती आवर घालते.

सगळे उपाय हरले तर शेवटी उरतं ते भार तोडणं. फ्रिक्वेन्सी ४९.४ हर्ट्झवर आली की रिले पहिल्या पायरीचे फीडर आपोआप तोडतात, मग ४९.२, ४९.० आणि ४८.८ वर पुढच्या पायऱ्या. २०१२ च्या दोन्ही दिवशी तेव्हाच्या पायऱ्यांनी जेवढा दिलासा द्यायला हवा होता तेवढा दिला नाही. आणि हा उपाय एकाच आजारावरचा आहे हेही लक्षात ठेवावं. २८ एप्रिल २०२५ ला स्पेन आणि पोर्तुगाल दुपारी बंद पडले ते व्होल्टेज वाढत गेल्याने एकामागून एक उत्पादन केंद्रं सुटत गेली म्हणून. फ्रिक्वेन्सीच्या पायऱ्या तिथेही होत्या आणि चालल्याही, पण त्यांनी ग्रिड वाचली नाही. भार तोडला की लाइन हलकी होते आणि व्होल्टेज आणखी चढतं.

आपल्याकडे पुढची कटकट घरांच्या गच्चीवर आहे. त्या पायऱ्यांमध्ये कुठला फीडर कितीव्या नंबरवर तुटेल याची यादी आधीच ठरलेली असते, आणि तो तोडला की इतके मेगावॅट भार कमी होईल असं गृहीत धरलेलं असतं. नागपुरात गच्चीगच्चीवर सोलर पॅनल लागताहेत. एप्रिलच्या दुपारी, कूलर चालू असूनही, एखादा फीडर ग्रिडकडून वीज घ्यायच्या ऐवजी तिला देत असू शकतो. नेमक्या तेव्हा फ्रिक्वेन्सी पडली आणि यादीप्रमाणे तो फीडर तुटला, तर भार कमी होण्याऐवजी उत्पादन कमी होतं आणि फ्रिक्वेन्सी आणखी खाली जाते. संध्याकाळी सात वाजता तोच फीडर तोडणं बरोबर असतं. म्हणजे यादी दुपारची वेगळी आणि संध्याकाळची वेगळी करावी लागेल, नाहीतर रिलेला तोडण्याआधी वीज कुठल्या दिशेने वाहते आहे हे बघायला शिकवावं लागेल. दिशा ओळखणारे रिले बाजारात जुनेच आहेत. ते फीडरोफीडर बसवायला पैसे आणि माणसं लागतील.